सोडलेले वाल

गयेला अक्षयवटाखाली बसून काहीतरी सोडायचं असतं. एक फळ आणि एक भाजी. गेलेल्या माणसाच्या नावानं एकदा सोडलं, की मग आपण जिवंत असेपर्यंत ते तोंडाला लावायचं नाही. यात लोक चलाखी करतातच. हेमांगी दिघेच्या थोरल्या नणंदेनं, प्रमिलावन्संनी, आपल्या सासऱ्यांच्या वेळी टिंडे सोडले होते. नागावच्या बाजारात टिंडा आलेला आजवर कुणी पाहिलेला नाही. फळांपैकी त्यांनी कवठ सोडलं, कारण कवठानं त्यांचे दात आंबायचे. पितरांनी हसून चालवून घेतलं असावं.

हेमांगीला असली चलाखी जमली नाही. गुरुजींनी विचारलं, भाजी कुठली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, वाल. शेजारी बसलेली तिची मुलगी शाल्मली चमकून बघायला लागली. अलिबागकडच्या माणसानं वाल सोडायचे म्हणजे जेवणातला जीवच काढून टाकायचा. दुसरं काहीतरी सांग, असं ती कुजबुजली, पण हेमांगीच्या मनात एकच होतं. परागला आता वालांचं बिरडं मिळणार नाही, मग आपण ते कुठल्या तोंडानं खायचं? पळीभर पाणी ताम्हनात पडलं आणि वाल सुटले.

पराग तिचा नवरा. अलिबागजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात तो मेकॅनिक होता आणि हेमांगी नागावच्या शाळेत बाई. लग्न झाल्यापासून दोघं एका ताटात जेवत. सुरुवातीला त्यात प्रेम वगैरे फारसं नव्हतं. त्याला कारखान्यातून यायला उशीर व्हायचा, ती थांबून राहायची, आणि तोवर दोघांनाही इतकी भूक लागलेली असायची, की दुसरं ताट मांडायचा धीर नसायचा. पुढे ती सवयच झाली. आळीतले लोक चिडवत. वन्संनी तर एका दिवाळीला खास स्टीलची ताटं आणून दिली, घरात भांडी कमी पडत असतील म्हणून. ती ताटं पाहुण्यांना उपयोगी पडली. जेवण संपताना पराग शेवटचा घास नीट कालवायचा आणि ताटाच्या कडेला ठेवायचा. तो हेमांगीचा. भांडण झालेलं असलं तरी तो घास ठेवलेला असायचाच.

रविवार वालांचा. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून दोघं परातीभोवती बसत. चिमटीत दाबलं की दाणा टुणकन सालातून बाहेर येतो. परागचे दाणे परातीत कमी आणि हेमांगीच्या अंगावर जास्त पडायचे. तो मुद्दाम नेम धरायचा आणि आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करायचा.

एका सकाळी कारखान्यात कॉम्प्रेसरजवळ तो जरा बसतो म्हणाला आणि बसला तो उठलाच नाही. हृदय थांबलं होतं. डबा तसाच घरी परत आला.

त्यानंतर हेमांगी एकटी जेवू लागली. जेवताना ती शेवटचा घास कालवून ताटाच्या कडेला ठेवायची आणि मग तो परसात कावळ्याला घालायची. याला तिनं कधी काही नाव दिलं नाही. कुणी पाहिलं तर म्हणायची, पोट भरलं.

पुढच्या काही महिन्यांत तिला एकेक अन्न सोसेनासं झालं. आधी दूध प्यायलं की पोटात कळ यायची. मग पोळी खाल्ली की अंगावर गांधी उठायच्या. मग मासे, मग नारळ, मग केळंसुद्धा. सांधे दुखायचे, झोप लागायची नाही. वर्ष होत आलं तेव्हा ती भाताची पेज आणि उकडलेला भोपळा यांवर आली होती आणि ब्लाउज खांद्यावरून घसरत होते. गाव म्हणालं, दुःखानं खंगली. हेमांगीला ते पटलं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर माणूस गेलं आणि आपलं काहीच बिघडलं नाही, तर तो कसला संसार?

शाल्मली पुण्याला होती आणि तिला सातवा महिना लागला होता. आईनं बाळंतपणाला यावं एवढीच तिची इच्छा होती. व्हिडिओवर आईचे हात पाहून तिनं हट्ट धरला आणि हेमांगीला पोटाची कुंडली काढायला लावली.

पोटाची कुंडली हे नाव लोकांनी दिलेलं. तोवर ती घरोघरी पोचली होती. जांभळाच्या बीएवढी एक गोळी गिळायची. ती आतड्यातून फिरत जागोजागचे नमुने गोळा करते आणि बाहेर आली की यंत्र त्या नमुन्यांतल्या जिवाणूंची जनुकं वाचतं. आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात हे जुनंच ज्ञान. नवं होतं ते एवढंच, की हा जिवाणू कुणाच्या पोटातून तुमच्या पोटात आला तेही आता सांगता येत होतं. एका घरात राहणारी, एका ताटात जेवणारी माणसं आपले जिवाणू एकमेकांना देत असतात, आणि प्रत्येक घराण्याच्या जिवाणूंची ठेवण थोडी निराळी असते. लग्न जमवताना पत्रिकेच्या जोडीला ही कुंडलीही मागायला लागले होते. नवऱ्यामुलाला दूध चालत नाही हे साखरपुड्याआधीच कळायचं.

कुंडली बिघडलेली निघाली, तर त्यावर पेरणी होती. औषधानं आतडं आधी पूर्ण धुऊन काढायचं, एकही जिवाणू शिल्लक ठेवायचा नाही, आणि मग प्रयोगशाळेत वाढवलेली, पारखून घेतलेली नवी वस्ती तिथे पेरायची. तरुण मुलं तर काही झालेलं नसतानाही पेरणी करून घेत. शाल्मलीनं नोकरी लागल्यावर केली होती, सगळ्या ऑफिसबरोबर. तेव्हापासून तिला काहीही पचायचं आणि ती सदा प्रसन्न असायची. बाप गेला तेव्हाही ती चार दिवसांत सावरली होती. हेमांगीला त्याचं तेव्हा थोडं वाईटच वाटलं होतं.

अलिबागच्या दवाखान्यातली डॉक्टर तन्वी खोत ही हेमांगीची जुनी विद्यार्थिनी. तिनं बाईंना आपल्या शेजारी बसवलं आणि पडद्यावर कुंडली उघडली. आतड्याच्या वळणावळणांवर रंग पसरले होते. पिवळे हेमांगीच्या आईकडून आलेले, निळे शेजारपाजारचे आणि गुराढोरांचे. मधोमध मोठा हिरवा पट्टा होता. तन्वीनं त्याच्यावर बोट ठेवलं.

"बाई, हे काकांचे."

कारखान्यानं कामगारांची तपासणी केली होती तेव्हा परागची कुंडली निघाली होती, ती सरकारी साठ्यात होतीच. यंत्रानं दोन्ही जुळवून पाहिल्या होत्या. हेमांगी त्या हिरव्या रंगाकडे बघत राहिली. गयेला जाऊन आले, पिंडाला कावळा शिवला, अस्थी खाडीत सोडल्या, सगळं यथासांग झालं असं ती समजत होती. आणि हे इथे होतं.

मग तन्वीनं समजावून सांगितलं, शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सोपं करून. परागकडून आलेल्यांत एक जात फार निराळी होती. वालांत एक साखर असते, ती माणसाला पचत नाही. वाल खाल्ले की पोटात जी गडगड होते ती तिच्यामुळेच. ही जात नेमकी तीच साखर खायची. ती खाऊन जे आम्ल सोडायची त्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जायचं. त्या जातीचं आणि आतड्याचं, दोघांचं छान चाललेलं असायचं. पण या जातीला दुसरं फारसं काही खाता येत नाही. वाल मिळाले नाहीत तर ती आतड्याच्या आतल्या बाजूला जो बुळबुळीत थर असतो, तोच खाऊ लागते. तो थर झिजला की अन्नाचे कण भिंतीच्या पलीकडे झिरपतात. तिथे शरीराचे पहारेकरी उभे असतात. त्यांना भलत्या ठिकाणी दूध दिसतं, पोळी दिसते, केळं दिसतं, आणि ते सगळ्यांनाच शत्रू धरतात. मग गांधी, कळा, सांधेदुखी.

"बाई, साधारण वर्षापूर्वी तुम्ही वाल खायचे बंद केलेत का?"

हेमांगीनं मान हलवली. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "म्हणजे तो उपाशी होता."

"बाई, तो म्हणजे एक जिवाणू आहे."

"हो. तोच."

आता पुन्हा वाल सुरू केले तर, असं तिनं विचारलं. सहा महिन्यांपूर्वी आला असतात तर तेच सांगितलं असतं, तन्वी म्हणाली. आता भिंत इतकी पातळ झाली होती, की पहारेकरी वालांवरही तुटून पडले असते. घसा सुजला तर जिवावर बेतलं असतं. आता पेरणीशिवाय मार्ग नव्हता. मग तेवढी ती एक जात बाटलीत काढून ठेवता येईल का, हेही हेमांगीनं विचारलं. तन्वीनं नाही म्हणून सांगितलं. तसं करून पाहिलेलं होतं. आजूबाजूच्या जिवाणूंचा शेजार सुटला की ही जात बाटलीत जगत नाही.

जाता जाता तन्वीनं एक गोष्ट बरं वाटावं म्हणून सांगितली. मन ज्या रसायनामुळे शांत राहतं, ते बरंचसं आतड्याच्या भिंतीत तयार होतं, आणि पोटाकडून मेंदूकडे एक मोठी नस जाते. बाईंना सारखं जे भरून येतं, त्यातला बराच भाग पोटातून येत होता. पेरणीनंतर तेही हलकं होईल.

"म्हणजे माझं दुःख काय अपचन आहे?" हेमांगीनं विचारलं. तन्वीनं पडद्यावरची कुंडली मिटली.

पेरणीची तारीख हेमांगीनं घेतलीच नाही. शाल्मली रोज फोन करायची, रोज ती काहीतरी कारण सांगायची. शेवटी मुलीनं तन्वीकडून सगळं काढून घेतलं आणि त्या दिवशी दोघींचं चांगलंच वाजलं. शाल्मली म्हणाली, तू जिवाणूंपायी जीव द्यायला निघालीस, आणि मी इथे पोट घेऊन तुझी वाट बघतेय.

"आई, ते म्हणजे बाबा नाहीत गं."

"मग बाबा कुठे आहेत ते सांग. मी तिथे जाते."

शाल्मली हळूच म्हणाली, ते मला माहीत नाही, पण मी इथे आहे. हेमांगीला ते लागलं. रागानं नव्हे, खरं होतं म्हणून लागलं. दोन दिवसांनी नळावर बादली भरताना तिला भोवळ आली आणि शेजारच्यांनी उचलून घरात आणली. पलंगावर पडल्या पडल्या तिनं वर गेलेला आणि पुण्यात असलेला जीव मनात तोलून पाहिला. वर गेलेल्याच्या बाजूला ती स्वतःही बसली होती, तरी पारडं पुण्याकडे झुकलं. तिनं तन्वीला तारीख मागितली.

पण एक गोष्ट करायची राहिली होती. तिनं वन्संना बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. वन्संना जिवाणूंचं अर्धंच कळलं. पण धाकटा भाऊ वर्षभर उपाशी होता, एवढं त्यांना नीट कळलं. त्या उठल्या, डब्यातले कडवे वाल काढले आणि भिजत घातले. गयेला सोडलेलं कसं खायचं हा प्रश्न हेमांगीनं विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "ते मी बघून घेईन. वर विचारलं तर माझं नाव सांग. माझे टिंडे पडलेच आहेत तिकडे."

वाल फडक्यात बांधून ठेवले, त्यांना मोड आले, आणि पेरणीच्या आदल्या सकाळी दोघी परातीभोवती बसल्या. वन्संचे दाणे सरळ परातीत पडत होते. हेमांगी मध्येच थांबून स्वतःच्या मांडीकडे बघायची. तिथे एकही दाणा नव्हता, आणि ते बघून तिला रडू आवरेना. वन्संनी तिला रडू दिलं. खोबरं, आमसूल, गुळाचा खडा, वरून कोथिंबीर, सगळं जसं पराग असताना व्हायचं तसं झालं. घरभर तो वास पसरला आणि वन्सं उगीचच दाराकडे बघून आल्या.

घसा सुजलाच तर असावं म्हणून तन्वीनं दिलेलं इंजेक्शन हेमांगीनं पाटाजवळ ठेवलं होतं. तिनं एकच ताट घेतलं. मऊ भात, त्यावर बिरडं. पहिल्या घासालाच ओठ चुरचुरायला लागले. ती सावकाश जेवत राहिली. मधूनच थांबून पोटावर हात ठेवायची आणि म्हणायची, जेव हळूहळू, घाई नाही. शेवटी तिनं घास कालवला आणि ताटाच्या कडेला ठेवला. थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग तोही उचलून खाल्ला, कारण आज तो कावळ्याला घालायचा नव्हता.

दुपारभर ती तळमळली. अंगभर गांधी उठल्या, घसा दाटला, वन्संनी इंजेक्शन दिलं. जरा उतार पडला तेव्हा तिच्या पोटात मोठ्यानं गुडगुडलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"जेवला," हेमांगी म्हणाली. भरल्या डोळ्यांनी ती हसली. उपाशी पाठवला नाही, एवढंच तिला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिला औषध पाजलं. आतडं धुऊन निघालं, नवी वस्ती पेरली गेली. पुढच्या कुंडलीत हिरवा रंग कुठेच नव्हता.

ती भराभर सुधारली. आधी ताक पचलं, मग पोळी, मग मासे. गाल वर आले, सांधे मोकळे झाले, रात्री डोळा लागला की सकाळीच उघडायचा. एकदा केर काढताना भिंतीवरच्या परागच्या फोटोवरून तिनं फडकं फिरवलं आणि पुढच्या खिडकीकडे वळली. खिडकी पुसून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपल्याला काहीच झालं नाही. पूर्वी त्या फोटोपाशी तिचा पाय अडायचा. ती दचकली आणि परत येऊन मुद्दाम त्याच्यासमोर उभी राहिली. पराग चांगला दिसत होता. चांगला माणूस होता. संध्याकाळपर्यंत तिला याची भीती वाटली, मग तीही गेली.

शाल्मलीला मुलगी झाली. बाळंतपण हेमांगीनं एकटीनं निभावलं, न थकता, गाणी म्हणत. पेरणीआधी जी बाई नळावर पडली होती ती हीच यावर कुणाचा विश्वास बसला नसता. बारशाला वन्सं नागावहून आल्या त्या स्टीलचा डबा घेऊन. दुपारी पाहुणे पांगल्यावर तिघी जेवायला बसल्या. वन्संनी डबा उघडला. बिरडं होतं.

"छान झालंय, वन्सं," हेमांगी म्हणाली. "गूळ जरा पुढे गेलाय." तिनं पुन्हा वाढून घेतलं. शाल्मलीनंही घेतलं. दोघी बाळाच्या झोपेविषयी बोलत होत्या. बोलता बोलता हेमांगीचं जेवण आटोपलं आणि तिनं बोटानं ताट निपटून स्वच्छ केलं.

वन्सं जेवत नव्हत्या. त्या हेमांगीच्या ताटाच्या कडेकडे बघत होत्या. तिथे काहीच ठेवलेलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, अगदी लहान मुलासारखं, पुसायचंही भान न ठेवता. तिखट लागलं का, शाल्मलीनं विचारलं आणि पाण्याचा पेला पुढे केला.

हेमांगीला मात्र कळलं. तिला सगळं आठवत होतं: कडेचा घास, रविवार, अंगावर उडणारे दाणे, परत आलेला डबा. काढलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तशी ती आत कुठेतरी ती दुखरी जागा शोधत गेली. तिथे काही दुखत नव्हतं. वन्सं आता आपल्या दोघींच्या वाटचंही एकट्याच रडतायत, असं तिच्या मनात आलं, आणि तेही फार वेळ टिकलं नाही.

तिनं डावा हात वन्संच्या पाठीवर ठेवला.

"जेवा ना वन्सं," ती मायेनं म्हणाली, "गार होतंय." आणि भात अजून गरम होता, म्हणून तिनं स्वतःला आणखी थोडा वाढून घेतला.